दर्याला न कळणारा शब्द

रेवदंडा, १९५४

केसरवहिनी,

होडी दर्यात असताना आपल्या घरात ‘काळजी’ हा शब्द कुणी उच्चारत नाही. म्हणून मी तुला शाळेत शिकलेला इंग्रजी शब्द दिला, ‘वरी’. तू हसलीस. “दर्याला इंग्रजी कुठं कळतंय, भावजी!” मग दादा परतेपर्यंत तेच म्हणत बसायचीस.

दादा परतला नाही तेव्हा आईने मला त्या शब्दाचा अर्थ विचारला. मी सांगितला. तो तुला कुणी शिकवला, ते सांगितलं नाही. त्या शब्दानंच दर्या कोपला म्हणत तिने तुला थळला माहेरी धाडलं.

आता दर्यात मी जातो. काल परतायला उशीर झाला. आई वाळूत एकटी बसून पुटपुटत होती, “वरी, वरी.”

मी ऐकलंच नाही असं दाखवलं.

हे पत्रही मी थळला धाडणार नाही.

शब्द शिकवणारा,
सदा