कणाद, कानडी आणि सांडलेला तांदूळ

गुरुजी, तुम्ही माझ्या आईला चोर म्हणालात. तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली, तरी पहिलं वाक्य हेच लिहायचं होतं, म्हणून लिहिलं. खुशाली विचारत नाही. येत्या रविवारी राजूरला आपल्या शाळेत तुमचा फोटो लावणार आहेत. हार, नारळ, पाहुणे, सगळं ठरलंय. माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठ दिवस नुसते जोडलेले हात चाललेत. आणि भाषण कोण करणार, तर मी. कारण मी तुमचा लाडका, संगमनेरला कॉलेजात फिजिक्स शिकवतो, आणि माझं नाव तुम्ही ठेवलंत. 'ती नावाची गोष्ट सांगाच सर,' असा सगळ्यांचा आग्रह. सांगतो की! अर्धी सांगायची का पूर्ण, एवढंच ठरत नाहीये, म्हणून आधी तुम्हालाच लिहायला बसलोय.

शाळेत नाव घातलंत तो दिवस मला स्वतःला कमी आणि बाबांच्या तोंडून जास्त आठवतो. बाबा मला घेऊन वाडीवरून चालत खाली आलेत, हातात टोपी, आणि तुमच्या टेबलापासून चार हात लांब उभे आहेत. तुम्ही नाव विचारता. बाबा माझ्या आजोबांचं नाव सांगतात. आजोबा गेले त्याच साली मी झालो, तेव्हा दुसरं नाव ठेवायचा प्रश्नच नव्हता. तुम्ही चष्म्यावरून बघता. 'तुम्ही कानडी ना?' आम्ही कानडीच. मराठीच बोलतो, डोंगरात डांगी गुरं राखतो. कधीकाळी कानडी मुलखातून आलो म्हणे, म्हणून लोक आम्हाला कानडी म्हणतात आणि आमच्या वस्तीला कानड्यांची वाडी. 'मग याचं नाव कणाद,' तुम्ही म्हणालात, 'मोठा तत्त्वज्ञ होऊन गेला. पोराचं सोनं होईल.' बाबा म्हणाले, 'पर गुरुजी, आमच्या म्हाताऱ्याचं नाव हाय त्ये.' 'ते घरी म्हणा,' म्हणालात आणि दाखल्याच्या वहीत लेखणी टेकवलीत. एका माणसाच्या बापाचं नाव पुसायला तुम्हाला किती वेळ लागला असेल हो? बाबा पुन्हा टोपी घालून घरी गेले आणि आईला म्हणाले, गुरुजींनी लई मोठं नाव दिलंय.

आणि मग त्या नावाचा तुम्ही खेळ मांडलात. दुसरा शब्द नाही माझ्याकडे. तपासणीला साहेब आले की मला पुढे बोलवायचं. मी भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवायचं आणि ओरडायचं, 'देश कॅनडा!' मग छातीवर हात ठेवून 'लोक कानडी!' मग हात जोडून 'ऋषी कणाद!' साहेब खूश. त्यानंतर खडूचा प्रयोग. खडू मोडायचा, अर्धा मोडायचा, त्याचा अर्धा मोडायचा, आणि बोटांत नुसती भुकटी राहिली की म्हणायचं, 'आता याचेही तुकडे करत गेलो आणि शेवटी तुकडा होईना, तर तो अणू!' साहेब टाळ्या वाजवायचे, तुम्ही मिशीत हसायचात. या तीन नावांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. तुम्हाला पहिल्यापासून माहीत असणार, इतके तुम्ही वाचणारे होतात. माहीत असून साहेबांपुढे डोंगरातलं पोर नाचवत होतात. आमच्या वाडीला लाईट आहे का, पोरं पावसाळ्यात ओढा कसा ओलांडतात, हे एकाही साहेबाला सांगितलं नाहीत कधी.

पण त्याचाही मला एवढा राग नाही. राग आहे तो तुमच्या शनिवारच्या गोष्टीचा. तो ऋषी रस्त्यावर पडलेले तांदळाचे दाणे वेचायचा, लोक हसायचे, आणि तो म्हणायचा, एकेका कणात किंमत आहे, कण टाकून देणारा शहाणा कसला? सांगताना तुमचा आवाज भरून यायचा. 'कण वेचणारा तो कणाद! आणि हा बघा आपला कणाद!' सगळा वर्ग माझ्याकडे वळायचा आणि मी ताठ बसायचो. चार वर्षं ऐकली ही गोष्ट. दर खेपेला तुमचे डोळे ओले.

आणि तो तांदूळ वाटपाचा दिवस. मी चौथीत. शाळेच्या ओसरीवर पोती फोडलीत, पोरं रांगेत, आया पिशव्या घेऊन आल्यात. वाटप संपतं. मोजून दिलेलं सगळ्यांनी घेतलंय. फरशीवर सांडलेलं तेवढं राहिलंय, मातीत, पायांखाली तुडवलेलं. माझी आई उकिडवी बसते आणि पदर पसरून दाणे वेचायला लागते. हळूहळू, एकेक, खडा बाजूला करून. तिला त्यात काहीच लाजिरवाणं वाटत नाहीये. घरी गुरांना दाणा टाकतानाही ती असंच खाली पडलेलं उचलते. तुम्ही खोलीतून बाहेर येता आणि थांबता. पोरंही थांबतात. आता सांगा गुरुजी, तुमच्यासमोर काय चाललं होतं? तुमची गोष्टच चालली होती ना? जिताजागता कणाद बसला होता तुमच्या ओसरीवर, लुगडं नेसून! कुठे गेला होता तुमचा भरून येणारा आवाज? ऋषीने वेचलं की तत्त्वज्ञान आणि माझ्या आईने वेचलं की चोरी? शाळेचा माल म्हणे. अहो, ते झाडून उकिरड्यावरच जाणार होतं. आई उठली, पदर झटकला, सगळे दाणे पुन्हा खाली पडले आणि ती माझ्याकडे न बघता चालायला लागली. त्यानंतर तिने शाळेत पाऊल टाकलं नाही. माझ्या बक्षीस समारंभालासुद्धा नाही. तांदूळ न्यायला बाबाच यायचे.

हे सगळं मी रविवारी माईकवर सांगणार होतो. फोटोला हार घालून झाला की लगेच. भाषण लिहून काढलं आणि आज सकाळी आईला वाचून दाखवलं, कारण तीही येणार म्हणतेय, पहिल्यांदाच. सत्तरीला टेकलीय, गुडघे धरलेत, पण नवं लुगडं काढून ठेवलंय तिने. तिचा अपमान मला सगळ्या गावासमोर धुऊन काढायचा होता. ऐकता ऐकता तिने चहा बाजूला ठेवला. 'ह्ये नको बोलू,' म्हणाली. म्हटलं, का नको? किती दिवस गप्प बसायचं? त्यांनी तुला चोर म्हटलं, चारचौघांत! आईने पायाचा अंगठा दाबला. मग म्हणाली, 'गुरुजींनी न्हाई म्हनलं तसं. त्यांनी निस्तं इचारलं.' म्हटलं, 'मग कोण म्हणालं?' ती उठली, कप उचलला आणि आत जाता जाता म्हणाली, 'ल्हान हुतास तू. जाऊ दे.'

म्हणजे तिला इतकी वर्षं माहीत आहे आणि तिने एका शब्दाने विषय काढला नाही. मलाही माहीत होतं. पत्राचं पहिलं वाक्य लिहिलं तेव्हाही माहीत होतं. तुम्ही दारात उभे राहून माझ्याकडे बघितलंत आणि विचारलंत, 'कणाद, शाळेचं धान्य न विचारता उचललं तर त्याला काय म्हणतात?' विचारायला नको होतंत. दहा वर्षांच्या पोराला त्याच्या आईबद्दल असं विचारणाऱ्या माणसाला मी माफ करणार नाही, रविवारीही नाही आणि नंतरही नाही. पण उत्तर मी दिलं. साहेबांसमोर द्यायचो तसं, छाती काढून, सगळ्या ओसरीला ऐकू जाईल असं. 'चोरी, गुरुजी!' तुम्ही 'शाब्बास' म्हणालात. आई पाठमोरी निघाली होती, आणि मला तुमच्या त्या शाब्बासकीने बरं वाटलं होतं.