मागच्या खिडकीतलं मेण

५ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

माझं आयुष्य काल, बुधवारी, सकाळी सव्वासात वाजता बदललं. वेळ नक्की सांगतो, कारण मी शिलाईवालीच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होतो. दुसरीकडे बघवत नव्हतं. तिच्या मागच्या खिडकीच्या चौकटीवर अस्वलानं पाच लांबलचक ओरखडे काढले होते, आणि ते बघायला ती आणि वनरक्षक एकाच वेळी वाकले होते. डोक्याला डोकं लागायला चार बोटं कमी. हळू आवाजात काहीतरी चाललं होतं. मला बघताच दोघं गप्प! तिनं हातातला पत्र्याचा डबा पाठीमागे नेला. मी आंधळा नाही.

काळं अस्वल इकडे नवीन नाही. थंडीच्या आधी ती पोट भरायला खाली उतरतात, काकांच्या दोन मधपेट्याही फोडून झाल्या. पण रस्त्याच्या वळणावर, घराला चिकटलेल्या खोलीत, शिलाईयंत्रावर झगे आणि कोट शिवणाऱ्या मुलीच्या खिडकीत अस्वलाचं काय काम? आणि अस्वल येऊन गेलं की तासाभरात हा गृहस्थ हजर कसा? आता यानं नवीन टूम काढली आहे. दाराचं दांडीचं हँडल अस्वल पंजानं खाली दाबतं म्हणे, म्हणून घरोघरी हँडलं उलटी बसवतो, वर उचलून उघडायची. सुरुवात कुठून केली असेल, सांग. तिच्याकडून! आमच्याकडेही बसवून गेला. मी ते काढून पुन्हा सुलटं केलं.

मी परवा, मंगळवारीच, तिला मेण देऊन आलो होतो. काजं करायचा दोरा मेणावरून ओढला की गुंतत नाही, हे तिनंच एकदा सांगितलं होतं. तेव्हापासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी मी गोळा नेऊन देतो. ती घेते, हसते. त्या हसण्यावर मी तीन दिवस काढतो.

फोन करू नकोस, तू मध्येच बोलतेस. रागावलीस तरी लोभ आटू देऊ नकोस.

तुझा,
भडक्या

९ ऑक्टोबर

चि. भडक्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोहोचलं. तुझे मेहुणे म्हणाले की इतकी पानं अभ्यासाची लिहिली असतीस तर पदवी दोनदा मिळाली असती. मी त्यांना गप्प केलं, पण हसू मलाही आलं.

मी विमा कार्यालयात दिवसभर लोकांच्या नुकसानीचे अर्ज तपासते. कुणाचं गोदाम भिजलेलं असतं, कुणाची गाडी ठोकलेली. प्रत्येकाचा कुणावर तरी पक्का संशय असतो, शेजारी, मेहुणा, नाही तर चौकीदार. आम्ही आधी एकच गोष्ट विचारतो, की त्या दिवशी तुम्ही स्वतः काय करत होता. तेव्हा सांग बाबा, अस्वल कोणकोणत्या दिवशी आलं? आणि त्या मुलीनं तुला कधी काही म्हटलंय का, की नुसतं हसणंच?

दोन वर्षांपूर्वी प्रयोगशाळेतल्या सरांनी मुद्दाम गुण कापले म्हणून तू प्राचार्यांच्या टेबलावर ओळखपत्र आपटून घरी आलास. उत्तरपत्रिका मागवली तेव्हा शेवटचं पानच तू लिहिलं नव्हतंस. तेव्हाही तुझा संशय असाच पक्का होता. हे टोचायला लिहीत नाही. बरं, थोडं टोचायलाच लिहिते.

हँडल परत उलटं बसव. काकांना नमस्कार. तुझी काळजी करणं हा माझा बिनपगारी धंदा आहे, तो बंद पडू देणार नाही.

तुझी,
ताई

१४ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुला हसू येतंय, इकडे आग लागली आहे. आज, शनिवारी, उजाडता उजाडता अस्वल पुन्हा आलं. या वेळी खिडकीची काच फोडून अर्धं आत शिरलं. शिलाईयंत्र आडवं, कुणाच्या तरी नवऱ्या मुलीच्या झग्यावर काचा. तिचे वडील अंथरुणाला खिळलेले. त्यांच्या खोलीचं दार बंद होतं म्हणून निभावलं. ती थाळ्या बडवत उभी राहिली तेव्हा कुठे ते गेलं. म्हणते, पुन्हा झालं तर वडिलांना घेऊन मावशीकडे कायमची निघून जाईन. कायमची, ताई!

दिवस विचारलेस ना? गेल्या महिन्यात दोन शनिवार, मग तो बुधवार, आणि आज. लिहून ठेव तुझ्या फाइलीत.

पण मी हात बांधून बसलेलो नाही. त्या चार तारखेच्या बुधवारीच मी तिच्या खिडकीखालच्या गवतात पोळ्याचे चघळलेले, मातीनं काळे झालेले तुकडे शोधून काढले. मध आपोआप गवतात उगवतो का? कुणीतरी आणून ठेवतं, अस्वल येतं, आणि मग रखवालीच्या निमित्तानं कुणाला तिच्या घरी बसायला मिळतं? मी तुकडे पाकिटात घातले आणि सोबत तीन पानी तक्रार लिहून वनखात्याच्या वरिष्ठांना पाठवून दिली. तू अडवशील म्हणून आधी कळवलं नाही. सोमवारी, तेवीस तारखेला, अकरा वाजता चौकशी आहे. वनरक्षकाला तोवर कामावरून दूर ठेवलंय. आरोप सिद्ध झाला तर नोकरी जाईल.

गंमत म्हणजे तो एक शब्द बोलत नाही. निरपराध माणूस इतका गप्प बसतो का? काल मेण द्यायला गेलो तेव्हा तीही धड बोलली नाही. गोळा घेतला, पण हसली नाही. मला तर आता काकांचाही संशय येतो. मी तक्रारीचं सांगितलं तेव्हा ते नुसते माशांना धूर द्यायच्या डब्यात भुसा भरत राहिले.

तू तरी माझ्या बाजूनं राहा.

तुझा,
भडक्या

१६ ऑक्टोबर

चि. मोठीस,
आशीर्वाद.

मी पत्रं लिहीत नाही, हे तुला माहीत आहे. म्हणून थोडक्यात.

धाकटा बरा आहे. जेवतो कमी, चालतो फार. तुझ्याकडून एक समजून घ्यायचं होतं. मध काढताना पोळ्यावरचा मेणाचा जो थर खरवडतो, तो मी बादलीत साठवतो. त्यात मध असतो. नंतर गरम पाण्यात वितळवून, फडक्यातून दोनदा गाळून त्याच्या वड्या पाडतो. गाळलेल्या वड्या कपाटात जशाच्या तशा आहेत. बादलीतलं मात्र आठवड्यातून दोनदा कमी होतं. मला वाटलं पोरगा खातो, वय आहे, खाऊ दे.

आता तसं वाटत नाही. मी विचारलं तर भडकेल. तुझं ऐकतो.

वनरक्षक सरळ माणूस आहे. पेटी फुटली तेव्हा दोन दिवस माझ्यासोबत माशा गोळा करत होता. चावून चावून त्याचा चेहरा भोपळ्याएवढा झाला होता.

तुझा,
काका

१८ ऑक्टोबर

चि. भडक्यास,
आशीर्वाद, पण आज हात जरा जड आहे.

तुझी दोन्ही पत्रं टेबलावर शेजारी ठेवली. तू मेण देतोस मंगळवारी आणि शुक्रवारी. अस्वल येतं बुधवारी आणि शनिवारी. असा अर्ज माझ्याकडे आला असता तर मी पुढचं पान उलटलंच नसतं.

सांग, काकांच्या कपाटात गाळलेल्या मेणाच्या कोरड्या वड्या असताना तू बादलीतलं ओलं का नेतोस? थांब, मीच सांगते. एक वडी शिवणाऱ्या बाईला वर्षभर पुरते. वडी दिलीस की वर्षभर जायला कारण उरत नाही. बरोबर? आणि गाळायला बसलास तर जायला उशीर होतो.

मी चूकही असेन. मी इतक्या लांब बसले आहे. म्हणून माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. तिलाच जाऊन विचार, माझ्या मेणाचं तू काय करतेस. एवढंच विचार आणि उत्तर संपेपर्यंत तोंड उघडू नकोस. चौकशीच्या आधी विचार. एका माणसाची नोकरी तुझ्या पाकिटात आहे.

मी तुझ्याच बाजूनं आहे, म्हणून हे लिहिते.

तुझी,
ताई

२३ ऑक्टोबर, सोमवार, सकाळ

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी ते फाडलं. मग तुकडे जुळवून पुन्हा वाचलं. काल दुपारी गेलो.

ती नवीन काचेभोवतीची पुट्टी अंगठ्यानं दाबत होती. मी विचारलं आणि तोंड बंद ठेवलं. ताई, आयुष्यात पहिल्यांदा. ती अंगठा फडक्याला पुसत वळली. मग म्हणाली की पहिलाच गोळा दोऱ्याला लावला तेव्हा मधानं दोरा चिकट झाला, कोटाला डाग पडला, काजं उसवावी लागली. मी इतक्या हौसेनं चढ उतरून येतो, तर नको कसं म्हणायचं, म्हणून ती घ्यायची आणि मागच्या खिडकीच्या कट्ट्यावर, बाहेर, पत्र्याच्या डब्यात टाकायची. घरात ठेवलं तर मुंग्या होतात.

त्या बुधवारी ती तोच डबा वनरक्षकाला दाखवत होती. अस्वल यानंच येतंय, हे त्यानं वास घेताच ओळखलं. डबा त्यानं दूर नेऊन पुरला, कामावर होता तोवर नंतरचे दोन गोळेही. मला मात्र सांगू नका, असं तिनंच त्याच्याकडून वचन घेतलं होतं. मला लाज वाटेल, ती स्वतःच सवडीनं सांगेल. शुक्रवारी तोंड उघडणार तेवढ्यात मी तक्रारीची गोष्ट छाती फुगवून सांगितली. तिचं सांगणं राहून गेलं. तो गोळा कुठे टाकावा हे न सुचून तिनं कट्ट्यावरच ठेवला, आणि शनिवारी काच फुटली. दिलेल्या शब्दापायी तो माणूस नोकरी जाईपर्यंत गप्प बसायला तयार आहे. आणि मी त्या गप्प बसण्याचाच पुरावा केला! पाकिटातून पाठवलेले तुकडेही माझेच.

मी विचारलं, त्याच्यावर तुझं मन आहे का. विचारायला नको होतं, पण मी मीच आहे. ती म्हणाली, तो निदान काही आणताना हवंय का असं विचारतो. इतकंच. याचा अर्थ काढत रात्र गेली. पहाटे सोडून दिलं. तिला वाचवायला निघालो होतो आणि अस्वलाला तिचं घर मीच दाखवलं. यापुढे ती माझ्याकडे बघून हसेल असं वाटत नाही.

आज ती स्वतः चौकशीला जाऊन सांगणार होती. मी म्हटलं, मी सांगतो. तिचा विश्वास बसला की नाही, कळलं नाही. तीन पानांची तक्रार लिहायला मला एक संध्याकाळ लागली होती. ती खोटी होती हे सांगायला चार ओळी पुरल्या, पण त्या पहाटेपासून लिहितोय. काकांना सगळं सांगितलं. त्यांनी कपाटातली एक गाळलेली वडी काढून माझ्यापुढे ठेवली आणि बादलीवर झाकण घालून वर दगड ठेवला. वडी खिशात आहे. तिला देईन, पण आधी हवीय का ते विचारून. नको म्हणाली तर परत आणीन.

दहा वाजले. पाऊण तासाची वाट आहे. तुझ्या या भावावर उरेल तेवढी माया ठेव.

तुझा,
भडक्या

ता. क. काका पेट्यांकडे गेलेत, घरात कुणी नाही, म्हणून पेचकस घेऊन हँडल परत उलटं बसवलं. एक स्क्रू वाकडा गेलाय, पण धरतो. पत्र वाटेत पेटीत टाकतो. आता बाहेर पडतो, आणि दार लावून, बाहेरून दाबून बघतो, उघडत नाही ना.