अंगणात उभी असलेली करवत

मी, कृष्णात भरमा धामणेकर, वय सदुसष्ट, मूळ गाव येळ्ळूर, हल्ली राहणार अनगोळ, बेळगाव, पूर्वीचा धंदा फौंड्रीत लाकडी पॅटर्न करणे, हल्लीचा धंदा माझ्या पत्नीच्या मते चिडचिड करणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत आहे. डाव्या कानाने कमी ऐकू येते, पण मृत्युपत्राला कान लागत नाहीत. श्रीपाद याळगी वकील म्हणतात की इथे ‘स्वखुशीने’ हा शब्द घालावाच लागतो. मी खूश नाही. मात्र कोणी बळजबरी केलेली नाही, मी नशापाणी केलेले नाही, आणि जे लिहितो ते समजून लिहितो. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. कचेरीसाठी कन्नड नक्कल लागली तर वकिलांनी करून घ्यावी, पण अर्थाचा वाद निघाला तर हा मराठी मजकूर खरा धरावा.

कलम १. अनगोळ येथील राहते घर माझ्या स्वकष्टाचे आहे. ते माझ्या पश्चात पत्नी सुलाबाई हिचे. बँकेत आणि पोस्टात जे असेल तेही तिचेच. तिला कोणी ‘आता पुण्याला चला’ म्हणून हलवू नये. ती स्वतः म्हणाली तर वेगळी गोष्ट, पण ती म्हणणार नाही.

कलम २. येळ्ळूरची जमीन वडिलोपार्जित आहे. तिच्याबद्दल कायदा बोलेल, मी बोलत नाही.

कलम ३. चिरंजीव शामू, राहणार पुणे, यास माझे मनगटी घड्याळ आणि रेडिओ द्यावा. ‘आप्पा, ती करवत इकून टाका, अंगण तरी मोकळं व्हईल’ असे त्याने लागोपाठ तीन दिवाळ्यांना सांगितले आहे. पोरगा मनाने वाईट नाही. त्याला अंगण दिसते, करवत दिसत नाही, एवढेच. म्हणून करवत त्याला नाही.

कलम ४. माझ्या घराच्या मागच्या अंगणात पत्र्याखाली उभी असलेली विजेची टेबल-करवत, म्हणजे बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) टेबलाच्या फटीतून दहा इंची गोल पाते वर येते ती, मोटर, चाके, आडपट्टी आणि जादा पात्यांसह, माझी कन्या नीला, शिक्षिका, राहणार निपाणी, हिला मिळावी. करवत इथेच राहावी. नीला दर रविवारच्या गाडीने येते, तशी तिने येत राहावे.

ही करवत मी चौदा महिने निवडत होतो. लोकांना याची गंमत वाटते. त्यांनी निवडून पाहावी. माझी कामाची खोली दहा बाय नऊ. आठ फुटी फळी पात्यात घालायला अलीकडे आठ फूट लागतात आणि निघायला पलीकडे आठ. म्हणजे काम अंगणात आणि करवतीचा मुक्काम खोलीत, असेच करावे लागणार. बेळगावच्या पावसात बीड चार दिवसांत तांबडे होते. म्हणून मला फिरती करवत पाहिजे होती, सकाळी ढकलत बाहेर, संध्याकाळी ढकलत आत. एवढी साधी गरज. पण घरच्या खोलीत काम करणाऱ्या माणसासाठी करवत करावी असे कोणाला वाटलेलेच नाही. करतात ती एक तर वखारीची, नाही तर खेळण्यातली.

मुंबईहून मागवलेल्या कॅटलॉगातल्या सगळ्या थ्री-फेजच्या, शिवाय पाया खणून बोल्टाने बसवायच्या. मी कळवले की मला हलती पाहिजे. उत्तरादाखल तोच कॅटलॉग पुन्हा आला. थ्री-फेजचा अर्ज आणून पाहिला. त्यात घर किंवा कारखाना असे दोनच रकाने. माझे दोन्हींच्या मधले, तो अर्ज अजून कपाटात आहे. मग बेळगावातल्या एका प्रदर्शनात अॅल्युमिनियमच्या टेबलाची एक पाहिली. एका हाताने उचलावी इतकी हलकी. विक्रेत्याने पातळ पट्टी कापून दाखवली, टाळ्या पडल्या. मी सोबत नेलेला फणसाचा तुकडा लावला, तर फळीच्या आधी टेबलच पुढे सरकले. विक्रेता म्हणाला, “काका, तुम्ही जरा बेताचं लाकूड घ्या.” तिसरी उद्यमबागेतल्या कारखान्यातल्या एका फिटरने बनवून दिली असती. हातात धरायची विजेची करवत फळीखाली उलटी टांगलेली, वर ना झाकण, ना कापलेली फळी पात्यावर आवळू नये म्हणून पात्यामागची पाचर, ना फळी सरळ धरायला आडपट्टी. मी त्याची बोटे मोजली. साडेआठ होती. मी नमस्कार करून निघालो.

शेवटी कोल्हापूरला ही सापडली. सिंगल फेज, एक हॉर्सपॉवर, बिडाचे टेबल म्हणून हलत नाही, चार चाके म्हणून ढकलता येते. दुकानात मी तिची रुंदी माझ्या पट्टीने मोजली, एक सूत कमी चोवीस इंच. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. माझ्या खोलीची चौकट चोवीस इंची. एक सूत मोकळे राहते, असे म्हणून मी ती निपाणीमार्गे टेंपोने आणली. ती आठ वर्षे झाली अंगणात उभी आहे. का, ते कलम ७ मध्ये आहे.

कलम ५. माझा बालमित्र देवाप्पा गुंडू सुतार, राहणार येळ्ळूर, ज्याने माझ्या खोलीची ती चौकट केली, त्याला माझ्या मालमत्तेतून काहीही देऊ नये. पटाशी नको, रंधा नको, खिळासुद्धा नको. सुलाबाईने माझ्या माघारी दयेपोटी गुपचूप काही पाठवू नये. कारण कलम ८ मध्ये दिले आहे.

कलम ६. हातहत्यारे सगळी नीलाची. जिच्यावर अक्षरे झिजलेली आहेत ती दोन फुटी पोलादी पट्टी तिने घ्यावी, पण आधी तिच्यावर ठळक अक्षरात ‘बीड’ असे कोरून घ्यावे. श्रीपाद वकिलांच्या टेबलाला त्यांनीच कळवलेल्या मापाने मी जो नवा खण करून दिला तो पावसाळ्यातच नव्हे, बारा महिने अडकतो अशी त्यांची तक्रार आहे. त्याचेही उत्तर पुढच्या कलमात मिळेल.

कलम ७. करवत टेंपोतून उतरली तेव्हा गल्लीतली वीसएक माणसे जमली होती. देवाप्पाही कौतुकाने येळ्ळूरहून आला होता. चौघांनी ती खोलीच्या दारापर्यंत ढकलत आणली आणि ती चौकटीत अडकली. मी पिशवीतून पट्टी काढली. करवत मोजली, एक सूत कमी चोवीस. चौकट मोजली, दोन सूत कमी चोवीस. मी चौकट त्याआधी कधी मोजली नव्हती. देवाप्पाने चोवीस केली म्हटल्यावर मोजायची आमच्यात पद्धत नव्हती.

त्याने स्वतःचा टेप लावला. “चोवीस हाय, कृष्णात. डोळ्यानं बघ.”

“तुझा टेप ताणलाय.”

“टेप न्हवं, तुझं डोस्कं ताणलंय. चा पिऊ, मग बघू.”

तिथे थांबायला पाहिजे होते. मी सगळ्यांच्या देखत म्हणालो, “तुझ्या हातात आता माप ऱ्हायलं न्हाय, देवाप्पा.”

त्याने टेप गुंडाळून खिशात घातला आणि निघून गेला. सुलाबाईने ओतलेला चहा तसाच राहिला. सुताराला याहून वाईट काही बोलता येत नाही, आणि हे मला बोलण्याआधीही माहीत होते. गल्लीत चार नवी घरे व्हायची होती, त्यांच्या चौकटी देवाप्पाकडे जायच्या होत्या. त्या दुसऱ्याकडे गेल्या. माझ्या बोलण्यामुळे गेल्या.

लोक येऊन सांगत की टेबल सुटे करून आत न्या. एकदा टेबल सुटे केले की पाते आणि आडपट्टी यांची समांतर रेघ जाते, ती पुन्हा जुळवायला महिना लागतो. लोक म्हणत, मग चौकट छिला, दोन सुतांचे तर काम. मी म्हणे, ज्याने चुकवली त्याने येऊन छिलावी. आठ पावसाळे मी त्या करवतीला ग्रीस फासले, पोती गुंडाळली, पत्र्याची भोके बुजवली, आणि त्यांतले पहिले सहा पावसाळे देवाप्पाच्या नावाने बोटे मोडली.

दोन वर्षांपूर्वी एका रविवारी नीला शाळेसाठी पेटी करायला बसली. पेटी तिने माझ्या पट्टीने मोजून कापली आणि झाकण तिने शाळेतून आणलेल्या पट्टीने. झाकण बसेना. तिने दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवल्या आणि म्हणाली, “आप्पा, तुमची पट्टी लांब हाय.”

ज्यांना फौंड्री ठाऊक नाही त्यांच्यासाठी लिहितो. लोखंडी वस्तू ओतायची तर आधी ती लाकडात करतात, तो पॅटर्न. त्याच्याभोवती वाळू ठोकून पोकळी करतात आणि तिच्यात रस ओततात. बीड निवताना आकसते, फुटाला एक सूत. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा ठेवायचा. दर वेळी आकडेमोड नको म्हणून आमची पट्टीच लांब केलेली असते. तिच्यावर चोवीस लिहिलेले असते, पण ती असते चोवीस आणि दोन सूत. ओळखायला कोपऱ्यात अक्षरे कोरलेली असतात. माझी एकतीस वर्षांत अंगठ्याखाली झिजून गेली होती. निवृत्तीच्या दिवशी दोन पट्ट्यांतली साधी समजून मी ती घरी आणली. ही चूक फक्त पॅटर्नवालाच करू शकतो, आणि केल्यावर सर्वांत जास्त अक्कलही तोच शिकवतो.

तेव्हा खरे माप असे. चौकट बरोबर चोवीस इंच. करवत चोवीस इंच आणि एक सूत. देवाप्पाचा टेप बरोबर, हात बरोबर, डोळा बरोबर. चूक माझी. वकिलांचा खणही त्याच पट्टीचा आहे.

हे कळल्यावर सुलाबाई म्हणाली, “तुमची पट्टी लांब, तशी जीभ बी लांब. आता जावा येळ्ळूरला.” मी गेलो. गेल्या सुगीत बसने गेलो. देवाप्पा दारात बसून हातकरवतीला कानस लावत होता. मी तोंड उघडले आणि विचारले, “भात कसा हाय यंदा?” तो म्हणाला, “बरा हाय.” मी पुढच्या बसने परत आलो. आठ वर्षांतले आमचे बोलणे एवढेच. मला स्वतःचा इतका संताप कधी आला नव्हता. बसमध्ये पूर्ण वाक्य पाठ केले होते, आणि ते आजही पाठ आहे.

त्यानंतर चौकट मी मुद्दामच छिललेली नाही. त्याचे माप बरोबर होते याचा तेवढाच पुरावा शिल्लक आहे. त्याने हे वाचेपर्यंत कोणीही तिला पटाशी लावू नये.

नीलाने पुढे दुसरी करवत घेतली तर आधी फेज पाहावी, मग वजन, मग पात्यामागची पाचर. आणि दार ज्या पट्टीने मोजले तीच पट्टी घेऊन दुकानात जावे.

कलम ८. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. ज्याला त्यातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असा वकिलांचा सल्ला आहे. म्हणून देवाप्पाला मी काही देत नाही. साक्षीदार क्रमांक दोन तोच पाहिजे. माझ्यामागे त्याच्या हातात पटाशांची पेटी पडली आणि मग त्याला हे कळले, तर त्याचा काय उपयोग? मी जिवंत असताना, माझ्यासमोर बसून त्याने हे वाचावे एवढीच माझी इच्छा आहे. जे मला तोंडाने जमत नाही ते मी कागदावर केले.

साक्षीदाराने मजकूर वाचायची कायद्याने गरज नसते म्हणे. माझी अट आहे की साक्षीदार क्रमांक दोनने एकूण एक ओळ वाचावी. नीलाने येळ्ळूरला जाऊन एवढाच निरोप द्यावा की कृष्णातला सहीला माणूस पाहिजे. तो आला नाही तर ती जागा रिकामी राहील, दुसऱ्या कोणाची सही मला चालणार नाही. वकील म्हणतात की मग हे मृत्युपत्र कच्चे राहील. राहू दे.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला आणि बरोबर असल्याची खात्री करून खाली सही केली.

स्थळ: अनगोळ, बेळगाव
दिनांक: ९ नोव्हेंबर १९८६

सही: कृष्णात भरमा धामणेकर

साक्षीदार १: श्रीपाद याळगी, वकील, बेळगाव. मृत्युपत्र करणाऱ्याने माझ्यासमक्ष सही केली. खणाचे उत्तर मिळाले. दि. ९ नोव्हेंबर १९८६

साक्षीदार २: देवाप्पा गुंडू सुतार, येळ्ळूर. दि. ३० नोव्हेंबर १९८६
वरचं सगळं चष्मा लावून दोनदा वाचलं. सही आपलीच म्हणून कृष्णातनं मला समोर सांगितलं. पट्टीचं बी तोंडानं सांगितलं, लिवलंय त्यापरीस लई कमी शब्दात. चा पिला. दुपारी चौकट दोन्ही अंगानं एकेक सूत छिलली. पटाशी त्यानं मारली, टेप माझा हुता. म्हणून कलम ४ मध्ये ‘मागच्या अंगणात पत्र्याखाली’ असं हाय, तिथं ‘आत’ वाचावं.