इंजिनाचा वर्ग कोणासाठी

४ जानेवारी १९६१, नंदुरबार
जिनिंगची नोकरी सोडली, तीही ऐन कापसाच्या हंगामात. मॅनेजर म्हणाला, डोकं फिरलंय. असेल. सतरा वर्षं फिटर म्हणून यंत्रं दुरुस्त केली. त्यातली निम्मी मोडलीच नसती, चालवणाऱ्याला कोणी धड सांगितलं असतं तर. आता तोच धंदा. ज्याने माल विकायचा त्याने विकावा, वापरायचा कसा ते त्याच्या गिऱ्हाइकाला मी शिकवीन. जागा, पत्रकं, चहा, शिकवणं, सगळं माझ्याकडे.
बायकोचं, सिंधूचं म्हणणं, "जे आजलग फुकट सांगतस, तेच आते पाटी लाईसन सांगशात?"
हो. पाटी लावूनच.

७ जानेवारी
पेंटरने पाटी आणून दिली. ‘सर्व यंत्रांचे वर्ग भरवून मिळतील.’ दुपारपर्यंत तिघे येऊन गेले. शेजारची शांताबाई लेकीला हाताला धरून, "मास्तर, चौथीना वर्ग शे का? पोरले टाकनं शे." सिं. पदर तोंडाला लावून आत पळाली. हसा. शाळा सोडून दुसरं काही शिकायचं असतं हेच या गावाला ठाऊक नाही.

१२ जानेवारी
एस.टी.ने शहाद्याला. पहिला ग्राहक मिळाला, इंजिनवाला शेठ. मूळचा राजस्थानचा, पण जन्म इथलाच, बोलतो आपल्यासारखंच. तापीकाठच्या गुजर शेतकऱ्यांना डिझेल इंजिनं विकतो. केळीला, उसाला पाणी पाहिजे, त्यामुळे विक्री जोरात आणि तक्रारीही जोरात. वैतागलाय. "मास्तर, इंजिन मी विकस. हँडल माराले बी मीच जाऊ का?"
दोन दिवसांचा वर्ग ठरला. त्याच्याच गोदामात.

१५ जानेवारी
छापखान्यात गेलो. पत्रकाचा मजकूर स्वतः लिहिला, स्वतः तपासला. ‘इंजिन मालकांसाठी दोन दिवसांचा वर्ग.’ ठळक अक्षरात. भारदस्त दिसतं. घरी येईपर्यंत चार वेळा काढून वाचलं.

२५ जानेवारी, शहादा
वर्ग झाला. काय झाला!
शेठने सतरंज्या घातल्या, तक्के लावले. चौदा मालक. पांढरीशुभ्र धोतरं, टोप्या. इंजिन मधोमध, आणि सतरंजीला डाग पडू नये म्हणून त्याच्याखाली जुनी चादर. नवरदेव बसवावा तसं बसवलं होतं. मी दोन दिवस घसा फोडला. रोज चेंबरमधलं तेल बघा, पट्टी बाहेर काढून बघा. डिझेलच्या पाइपात हवा शिरली की हा नट सैल करा, हवा जाऊ द्या, मग हँडल मारा. माना डोलल्या. दोघांनी वहीत उतरवून घेतलं. एक घोरला.
शेवटी म्हटलं, आता एकेकाने हात लावा. कोणी उठेना. पुढे बसलेले दशरथभाई, चांगला माणूस, सरळ बोलले, "आम्हले कसाले, मास्तर? आम्हनं इंजिन जामसिंग चालाडस."
जामसिंग त्यांचा भिल्ल सालदार. बाहेर निंबाखाली बैलांपाशी बसला होता, बाकीच्यांचे सालदारही तिथेच. मालकांच्या गाड्या हाकून तेच आले होते. मला दारातून दिसत होते.
दिसत होते, आणि मी पेढे वाटून वर्ग संपवला.

९ फेब्रुवारी
शेठचा निरोप. दशरथभाईंचं इंजिन जाम झालं. पिस्टन चिकटून बसला. चेंबरमध्ये तेलाचा थेंब नाही.
सायकल काढून त्यांच्या गावाला गेलो. विहिरीवर दशरथभाई, "वर्ग व्हयना, तरी जाम व्हयनं. काय शिकाडं तुम्ही?"
जामसिंगला विचारलं. तो इंजिनकडे बघतच नव्हता. "माले कोनी सांगं व्हतं? मी रोज पानी टाकस, रोज पुसस. तेल कोठे टाकतस, माले काय माहीत?" खरंच, वरून इंजिन आरशासारखं पुसलेलं. माणूस जे दिसत होतं ते मनापासून करत होता.
दशरथभाईंना म्हटलं, तेलाचं तुम्ही वहीत लिहून घेतलंत ना? म्हणाले, लिखेल शे. वही घरात, फडताळात.
आणि शिक्षा जामसिंगला. इंजिनवरून काढून ढोरांमागे लावलाय. दोन वर्षं त्या इंजिनजवळ झोपायचा म्हणे. ज्याला सांगितलं तो सुटला, ज्याला सांगितलंच नाही तो गुन्हेगार. येताना वाटभर स्वतःशीच भांडत आलो. कारण पत्रकावर ‘मालकांसाठी’ हे मीच छापलं होतं.

१२ फेब्रुवारी
शेठशी खडाजंगी. त्याच्या मते वर्ग वाया गेला, पुन्हा घ्या, हार आणू, फोटो काढू. मी म्हटलं, घेतो, पण जो हँडल मारतो तो आत बसेल.
"कोठे? सतरंजीवर? पाटीलना शेजारे त्यान्हा सालदार बठाडशी? मंग पाटील मन्हा दुकानमा कसाले येई?"
माझ्या तोंडून निघून गेलं की शेठ, तुमचं इंजिन सतरंजीवर चालतं की विहिरीवर? चहा आला, तो दोघांनी भिंतीकडे तोंड करून घेतला.
शेवटी कबूल झाला. माझं पटलं म्हणून नाही, तक्रारींना कंटाळून.

१७ फेब्रुवारी
नवीन पत्रक. ‘इंजिन चालवणाऱ्यांसाठी.’ आता कसं!

२३ फेब्रुवारी
कसं काय, कपाळ. पत्रकं गेली मालकांच्या घरी. मालकांनी वाचली, आणि चालवणारे म्हणजे आम्हीच की, म्हणून तेच चौदा जण येणार असल्याचं शेठने खुशीत सांगितलं. ज्यांच्यासाठी छापलं त्यांच्यातल्या एकालाही वाचता येत नाही. हे माझ्या टाळक्यात आलं नाही. सिं. म्हणते, लोकांवर चिडता तेवढे स्वतःवर चिडा. चिडलोच आहे, बाई.
उद्यापासून सायकलवर. विहिरीविहिरीवर जाऊन तोंडाने सांगणार.

५ मार्च, शहादा
वर्ग. सकाळीच हमाल लावून इंजिन गोदामातून बाहेर काढलं, निंबाखाली ठेवलं. सतरंजी घातलीच नाही. सगळेच उभे.
मालक अर्धा तास उभे राहिले. मग कोणाची कंबर, कोणाचं ऊन. एकेक करून शेठच्या दुकानात चहाला गेले. उरले सात सालदार. आठवा जामसिंग, ढोरं कोणाच्या तरी हवाली करून पायी आलेला. सर्वांत मागे उभा. पुढे बोलावलं तर म्हणाला, माले आते इंजिन नही शे. म्हटलं, ये रे, हातांना विसरू देऊ नकोस.
आज चादर नाही, वही नाही. सगळ्यांचे हात कोपरापर्यंत काळे. मी मुद्दाम पाइपात हवा सोडली आणि जामसिंगला पुढे केलं. त्याने नट सैल केला, फेस जाऊन नुसतं डिझेल येईपर्यंत थांबला, आवळला. तेलाची पट्टी काढून बघितली, न सांगता. हँडल मारलं. पहिल्याच दणक्यात इंजिन चालू झालं.
सगळे हसले. तो नाही. हात पुसत म्हणाला, "मास्तर, इतलंच व्हतं?"
एवढंच होतं. एवढ्यासाठी माणूस ढोरांमागे गेला.

१० मार्च
शेठ भडकलाय. पाटील मंडळींचा अपमान झाला, सतरंजी का घातली नाही, वगैरे. पुढचा वर्ग एप्रिलात, आणि पत्रकावर पहिल्यासारखं ‘मालकांसाठी’ असलं पाहिजे. नाहीतर धुळ्याचा दुसरा माणूस बघेन म्हणतो. हा गेला तर माझ्याकडे कोण? शिलाई मशीनच्या एजंटाला विचारून ठेवलंय, तो अजून नुसता "बघू" म्हणतोय. पाटी उतरवून परत जिनिंगच्या दारात उभं राहायचं, तर मॅनेजर दात काढेल.
दशरथभाई रस्त्यात भेटले. इंजिन दुरुस्त झालं, आता पुतण्या चालवतो. तो कुठल्या वर्गाला आला होता? कुठल्याच नाही. जामसिंगला परत घ्या म्हटलं, निंबाखाली स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंत ना? म्हणाले, मी तर चहाले गयथू.

१४ मार्च
छापखाना. कंपॉझिटरने बाकी सगळा मजकूर जुळवून ठेवला होता. जागा, वेळ, ‘इंजिन’, मग मोकळी जागा, मग ‘साठी’. खिळे हातात घेऊन माझ्याकडे बघत बसला. मी म्हटलं, मालक आणि चालवणारे, दोन्ही घाल.
त्याने पट्टी लावून मोजलं. "मास्तर, दोन्ही एक ओळमा बसत नहीत. एक सांगा."
उद्या सांगतो म्हणून उठलो.