पिंजऱ्यात बिबट्या सापडला, अक्का

प्रिय अक्का,

काल आपल्या उसाच्या कडेला लावलेल्या पिंजऱ्यात बिबट्या सापडला. सगळी वस्ती खूश आहे. मी मात्र खूश नाही, आणि का नाही हे तुमच्याशिवाय कुणाला कळणार? म्हणून लिहायला बसले.

आठवतं ना, छातीचं ऑपरेशन होऊन मी घरी आले तेव्हा जो तो म्हणायचा, "गाठ काढली ना? मग झालं की!" खरंच, झालंच होतं. टाके सुकले, हात वर जायला लागला. मग ही धडधड कुठून आली? भाकरी थापता थापता घाम फुटायचा, बोटांना मुंग्या यायच्या, श्वास अर्ध्यातच अडकायचा. ओतूरच्या डॉक्टरांनी ईसीजी काढला आणि म्हणाले, हृदय ठणठणीत आहे. त्या दिवसापासून घरात मी नाटकी ठरले.

तुम्ही एकट्यांनी विचारलंत, "शोभे, परत गाठ व्हईल म्हनून भितीस ना?" मी रडले. तुम्ही पदराला हात पुसलेत आणि म्हणालात, "मंग बिबट्याचं भ्या वाटतं म्हन. त्याला कुनी हसत नाय."

केवढ्या हुशार हो तुम्ही! त्या वर्षी उसात बिबटे फिरतच होते. बापईमाणसंसुद्धा एकटी रानात जात नव्हती. माझ्या धडधडीला एकदम मान आला. कुणी पाणी आणून द्यायचं, कुणी सोबतीला बसायचं.

पण अक्का, असं पांघरूण घालून स्वतः निघून जायचं असतं का? तापाचं निमित्त काय झालं, आणि थोरली जाऊ म्हणून माझ्याशी भांडायलाही राहिला नाहीत! तुमच्यामागं मी पुण्याला गाठीच्या तपासणीला गेलेच नाही. "बिबट्या फिरतोय, जनावरं टाकून कशी जाऊ?" म्हटलं की विषय मिटायचा. दमलेय हो मी. भिऊन भिऊन माणूस इतकं दमतं, त्यापेक्षा दिवसभर खुरपणी परवडली.

काल पिंजऱ्यापाशी ही गर्दी. ते जनावर कोपऱ्यात अंग चोरून बसलेलं, बरगड्या नुसत्या खालीवर होत होत्या. हे म्हणाले, "सुटलीस बघ! आता जाऊन ये पुण्याला." आणि तिथंच माझी धडधड सुरू झाली. बायका हसल्या. "आगं, आता तर त्यो पिंजऱ्यात हाय!"

घरी येताना मी बांधावर बसकण मारली आणि ह्यांना सगळं सांगून टाकलं. मला बिबट्याची भीती कधीच नव्हती, म्हटलं. वाटलं, चिडतील. त्यांनी बांधावरचं एक ढेकूळ उचलून फोडलं. मग म्हणाले, "मला वाटायचं, तू नुसती बिबट्यालाच भितीस. लई बरं वाटायचं गं. म्हनलं, त्या दुखन्याचं भ्या माझं मलाच हाय, हिला तरी नाय."

अक्का, काय करून बसलो हो आपण! एका घरात दोघं भीत होतो, ते पण एकमेकांना चोरून.

सोमवारी आम्ही दोघं पुण्याला निघालोय. तिथले डॉक्टर दर वेळी विचारायचे, "काही त्रास?" मी "नाही" म्हणायची, आणि तुम्ही टेबलाखालून मला पायानं ढोसायच्या. या खेपेला ढोसायला तुम्ही नाही. तरी "आहे" म्हणेन. शब्द देते.

तुमची धाकटी,
शोभा