काचेतली ओहोटी

माबिनाय
९ मार्च

चि. रोसेंदा हिस,

अनेक आशीर्वाद. वि. वि. इकडे आई आणि मी खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. खरं तसं नाही.

आई परवा पुन्हा रस्त्यावर गेली. या खेपेला तिला उसाच्या ट्रकवाल्याने आणून सोडलं. मांडीवर टोपली, डोक्यावर गवती टोपी, आणि ट्रकात ड्रायव्हरशेजारी अशी बसलेली, जणू ट्रक तिचाच आहे. तो दारातच मला म्हणाला, मास्तरीणबाई, अख्ख्या गावाची पोरं सांभाळलीत, एक म्हातारी सांभाळवत नाही? सकाळी उठली की तिचा एकच प्रश्न असतो, पाणी उतरलं का? या डोंगरात कसलं पाणी आणि कसली ओहोटी! नाही म्हटलं की चपला घालते आणि उताराच्या दिशेने चालू लागते. जेवण जवळजवळ सुटलं आहे. दोन घास पेज घेते आणि तोंड फिरवते.

आता तू लिहिशील की तिला बेटावर परत पाठव. लिहू नकोस. वादळात तिचं घर गेल्यावर ती तुझ्याकडेच होती. भरती चढत होती तरी ही शिंपले वेचत बसली, आणि तुझ्या नवऱ्याला, क्रिसांतोला, छातीभर पाण्यातून तिला उचलून आणावं लागलं. तू दिवसभर शेवाळाच्या शेतीत दोऱ्यांवर, तो होडीवर. तिच्यामागे कोण फिरणार? आई माझ्याकडेच राहील.

म्हणून मी समुद्रच इथे आणायचं ठरवलं आहे. शाळेच्या प्रयोगशाळेतली जुनी काचेची टाकी भंगारात निघाली होती, ती मागून आणली. एक कोपरा गळत होता, तो बुजवला. दुमागेते शहरातल्या टाक्यांच्या दुकानदाराने फेस काढायचं यंत्र, गाळणी, खास दिवा अशी यादी वाचली. त्यात माझं पेन्शन बुडालं असतं. मी त्याला सांगितलं, मला मासे नकोतच. मासे नाहीत म्हणजे त्यांचं खाणं नाही, खाणं नाही म्हणजे घाण नाही, आणि जी थोडी होईल ती शेवाळ खाऊन टाकेल. तो हसला. हसू दे. साधी ट्यूबलाइट आणि हवेचा छोटा पंप एवढंच घेऊन आले.

धक्क्यावर येणाऱ्या अबुंदियोच्या जीपबरोबर एवढं पाठव: खाडीपासून लांबचं, स्वच्छ समुद्राचं पाणी, मिळतील तितके कॅन भरून. समुद्रगवत मुळांसकट. त्याच्याखालचा रेतीचिखल. आणि आईचं आवडतं खायचं शेवाळ, लातो, चांगल्या टपोऱ्या मण्यांचा.

लोभ आहेच, तो मागायचा नाही. कॅनची झाकणं मात्र घट्ट लाव.

तुझी
तिका

---

तिनागो बेट
१७ मार्च

ती. मानांग तिका हिस,

सा. न. वि. वि. तुझं पत्र क्रिसांतोला वाचून दाखवलं. तो म्हणाला, तुझ्या थोरल्या बहिणीने, मानांगने, चाळीस वर्षं पोरांना सरळ केलं, आता समुद्राची पाळी.

सगळं पाठवलं आहे. अबुंदियोने पाण्याचे कॅन बघून विचारलं, माबिनायला पाऊस पडत नाही का? त्याला सांगितलं, मानांगचं काम आहे. लगेच कॅन चढवायला लागला. तो तुझा विद्यार्थी होता ना? अजून घाबरतो.

गवत तीन जातीचं आहे. एक लांब फितीसारखं, एक बारीक, आणि एक ते चमच्यासारख्या पानांचं, जे आई पायाने बाजूला सारून शिंपले शोधायची. लातो गोड्या पाण्याखाली धरू नकोस, लगेच मरगळतो.

घराचं म्हणशील तर छप्पर झालं. मागची खोली क्रिसांतो बांबूने बांधतो आहे, पण होडी आधी आणि खोली नंतर, असं चाललं आहे. माझी पाठ धरते. दोऱ्यांवरचं शेवाळ या वर्षी पांढरं पडतंय, पुन्हा पुन्हा बांधावं लागतं. मीही थकले आहे, मानांग, पण तुझ्याइतकी नाही.

तू लिहू नकोस म्हणालीस म्हणून लिहीत नाही. फक्त एवढंच, इथे ट्यूबलाइट लागत नाही.

नमस्कार म्हणून आईच्या हातावर माझ्या वतीने कपाळ टेकव. माझ्यावरचा राग आवरता ठेवावा.

तुझी
रोसेंदा

---

माबिनाय
६ एप्रिल

चि. रोसेंदा हिस,

अनेक आशीर्वाद. वि. वि. तू पाठवलेलं गवत पिवळं पडलं. चूक माझी. तुझ्या चिखलाला कुजक्या अंड्यासारखा वास येत होता, म्हणून मी तो पाण्याचा रंग स्वच्छ होईपर्यंत धुतला. मुळांना त्या घाणीतच जेवण होतं, हे मला गवत आडवं झाल्यावर सुचलं. पुन्हा पाठव. या वेळी हात लावणार नाही.

रोजचं काम सांगते, म्हणजे तुला वाटायला नको की मी इथे नुसती बसून आहे. पाणी उडतं पण मीठ उडत नाही, म्हणून टाकीत रोज गोडं पाणी घालावं लागतं. नळाचं चालत नाही, पावसाचं साठवून ठेवते. पातळी कळावी म्हणून काचेवर लाल नेलपॉलिशची रेघ ओढली आहे. आयुष्यात पहिल्यांदा नेलपॉलिश विकत घेतलं, तेही काचेसाठी. दुकानातल्या मुलीने विचारलं की मॅडम, कोणत्या समारंभाला? मी म्हटलं, रसायनशास्त्राच्या. काचेवरचं तपकिरी शेवाळ खरवडायचं, पंपाची नळी धुवायची, मग आईची आंघोळ, आईची पेज, आई बाहेर जाऊ नये म्हणून कवाडं लावायची. गुडघे रात्रभर ठणकतात. शेजारच्या मिसेस व्हिलारोसा येऊन टाकीत डोकावून गेल्या आणि मासे कुठे आहेत म्हणून विचारून गेल्या. नाहीत म्हटल्यावर माझ्याकडे अशा पाहू लागल्या की आता या घरात दोघींना सांभाळायला हवं.

आई टाकीसमोर खुर्ची ओढून बसते. पहिल्या दिवशी बोट बुडवून चाटलं आणि मान डोलावली. आता तक्रार सुरू झाली आहे की हा समुद्र आजारी आहे, जागचा हलत नाही. पण रस्त्यावर गेलेली नाही. परवा अर्धी वाटी पेज संपवली.

चिखल न धुतलेला पाठव. माया पाठवायची गरज नाही, ती इथवर पोचते.

तिका

---

तिनागो बेट
१४ एप्रिल

ती. मानांग तिका हिस,

सा. न. वि. वि. तू चिखल धुतलास हे मी गावात कुणालाही सांगितलं नाही. क्रिसांतोने सांगितलं. आता किनाऱ्यावरच्या बायका मला विचारतात की तुझी बहीण मासळीला साबण लावते का?

नवं गवत आणि नवा चिखल पाठवला आहे. अबुंदियोने पोतं टपावर बांधलं, तरी मागच्या सीटवरच्या बाईने त्याच्याकडून भाड्याचे पैसे परत घेतले.

मागची खोली झाली. भरतीचं पाणी शिरायला नको म्हणून जमीन उंच घेतली आहे. इतकंच कळवायचं होतं, दुसरं काही म्हणत नाही.

आई अर्धी वाटी जेवली हे वाचून मी रडले. पाठदुखीमुळे हल्ली लगेच रडू येतं. धाकटीवर आहे तशीच मर्जी राहू द्यावी.

रोसेंदा

---

माबिनाय
२५ मे

चि. रोसेंदा हिस,

अनेक आशीर्वाद. वि. वि. हे पत्र आज रविवारी लिहिते आहे. अबुंदियो उद्या पहाटे निघतो, त्याच्या हाती पडेल.

आधी चांगलं सांगते. टाकी जगली. चिखलाने काम केलं. लांब गवताला नवे फुटवे आले, लातो तर अर्ध्या काचेवर चढला. गेला महिनाभर आई एकदाही रस्त्यावर गेली नाही. मी मनात म्हणत होते की झालं, जमवलं.

आज मी चर्चमधल्या मिस्साहून आले तर दाराबाहेर पाणी वाहत होतं. आत आई, स्कर्ट वर खोचलेला, कमरेला टोपली, डोक्यावर टोपी. मोरीतल्या टमरेलाने ती टाकीतलं पाणी उपसून बादलीत घेत होती आणि बादल्या दाराबाहेर ओतत होती. माझी लाल रेघ कोरडी पडली होती आणि तिच्याखाली सगळं गवत चिखलावर आडवं पडलं होतं. रोसेंदा, वर्गातल्या टारगट पोरांनाही मी कधी इतकी ओरडले नसेन. काय काय बोलले ते लिहिणार नाही. अडीच महिन्यांचं काम दाराबाहेर माझ्या कुंड्यांत गेलं होतं.

ती अजिबात घाबरली नाही. ओरडतेस कशाला, म्हणाली. पाणी उतरलंय, बस, वेच.

मी कॅलेंडर पाहिलं. कालच पौर्णिमा झाली. या वेळी तुमच्याकडे लांबपर्यंत किनारा उघडा पडला असणार, तूही टोपली घेऊन गेली असशील. तिचं ओहोटीचं गणित चुकलं नव्हतं. टाकीतलं पाणी आपणहून उतरेना, म्हणून तिने उतरवलं, एवढंच.

मग मी बसले. काय करणार होते? दोघींनी वेचलं. मी लातोचा एक झुबका मुळासकट ओढला तर तिने माझ्या हातावर चापट मारली, की बूड ठेव, पुढच्या ओहोटीला काय खाशील? मी साठीच्या पुढची बाई, निमूटपणे बूड ठेवलं. मूठभर लातो निघाला. माडाचा शिरका, कांदा, आलं घालून तिने स्वतः कालवला आणि तीन वाटे केले. तिसरा तुझा म्हणून झाकून ठेवला. स्वतःचा भातासकट संपवला आणि वाटी बोटाने पुसून घेतली.

मला वाटलं, इथेच संपलं. नाही संपलं. ती हात धुऊन टाकीसमोर खुर्चीत बसली आणि भरतीची वाट पाहू लागली. थोड्या वेळाने विचारलं, पाणी येत का नाही? मी म्हटलं, येईल. पुन्हा विचारलं. मग तिने वाकून चिखलाला हात लावून पाहिला आणि मला सांगितलं की गवताला ऊन लागतंय, आता यायला हवं होतं. मी गवतावर ओला टॉवेल घातला. तिने तो काढून माझ्याकडे दिला आणि विचारलं, समुद्राला झालंय काय? मी चाळीस वर्षं भरती-ओहोटी फळ्यावर शिकवली, रोसेंदा. पृथ्वीचं वर्तुळ, चंद्राचं वर्तुळ, मधे बाण. ती अजून तिथेच बसली आहे. टोपी काढलेली नाही.

पाणी उतरवणं म्हातारीच्या हातात होतं. परत आणणं तिच्या हातात नाही आणि माझ्याही नाही. मला खरंच फार थकवा आला आहे.

तेव्हा आता मी सांगते ते ऐक, आणि मी म्हटलंच होतं असं उत्तर लिहू नकोस. अबुंदियोबरोबर उद्याच्या उद्या चार कॅन पाणी पाठव, म्हणजे तोवर गवत तग धरेल आणि आईही. शनिवारी आम्ही येतो. दोघी. मागच्या खोलीत दोन खाटा मावतात का ते क्रिसांतोला मोजायला सांग. तिच्यामागे कोण फिरणार म्हणून मी तुला विचारलं होतं. मी फिरेन. माझे गुडघे वाईट आहेत, पण भरती चढायला लागली की मागे वळायचं एवढं मला कळतं, आणि ओरडायचा आवाज अजून शाबूत आहे. गवत पाटीत ओल्या गोणपाटाखाली घालून आणते, जिथून काढलंस तिथे लावून टाक. टाकी शाळेला परत दिली आहे असं समज.

तुझा वाटा खराब होईल म्हणून आता मीच खाल्ला.

आपलं एकमेकींवर जे काही आहे ते शनिवारी समोरासमोर पाहू. आधी पाणी पाठव. इथे भरती खोळंबली आहे.

तुझी
तिका