आठ आणि तीन

प्रिय ताई,

डॉक्टरांनी माझ्या कण्यालगत दोन बारीक तारा सरकवल्या आहेत आणि कमरेला विजेची डबी बांधली आहे. दुखणं मेंदूपर्यंत पोचायच्या आत ती म्हणे वाटेतच अडवते. आठवडाभर चाचणी, निम्मं तरी कमी झालं, तर यंत्र कायमचं आत बसवतील. उद्या उत्तर द्यायचं आहे.

मला यात तुझाच हात दिसतो. नाहीतर चिरंजीव रोज "बाबा, आता आत्याकडे जाता येईल ना?" असं का विचारतात? सूनबाई माझ्या वहीतला दुखण्याचा आकडा चोरून बघते. मी रोज दहापैकी पूर्वीचाच आठ लिहितो.

खरा आकडा तीन आहे.

"हा पाठदुखीलाही यमक जुळवेल," म्हणून भाऊजी माझ्या कवितांवर हसले, तेव्हापासून मी तुझं घर टाळलं. ते गेले तेव्हाही पाठीचंच कारण कळवलं. लहानपणी मला स्टुलावर उभं करून अख्खी कविता म्हणवून घेणारी तू, पाठ बरी झाल्यावर कुठली सबब ऐकशील?

आत्ताच सूनबाई दारातून म्हणाली, "बाबा, अर्धा तास कपाटाशी उभ्यानेच लिहिताय?" मी झटकन खुर्चीत बसलो. "आई गं" जरा उशिराच निघालं.

हे पत्र पाठवत नाही. पुरावा आपल्या हाताने कोण देतं? वहीत मात्र आजचा आठ खोडून तीन केला आहे. सूनबाई तो वाचून पहिला फोन कोणाला लावते, ते बघतोच. तुझ्याकडे वाजला, तर कट तुमचाच.

कटात सामील व्हायला निघालेला,
तुझा धाकटा